शेवटच्या रांगेतली सहा तिकिटं

१

पाकीट जागेवर होतं. तिकिटंही सहाच होती. फक्त ती मी काढलेली नव्हती.

शुक्रवारची सकाळ होती. दुसऱ्या दिवशी आमची मंडळी दोन दिवस मुंबई फिरायला निघणार होती आणि रविवारी दुपारी नाटक होतं. सहज एकदा नजर टाकावी म्हणून मी पुस्तकांच्या कपाटातलं पाकीट उघडलं. नाटक तेच, 'नांगर'. दिवस तोच, प्रयोग तोच. पण रांग? मी स्वतः दादरला नाट्यगृहाच्या खिडकीसमोर उभं राहून पहिल्या रांगेच्या अगदी मधल्या खुर्च्या मिळवल्या होत्या. हातात होती ती शेवटच्या रांगेतली, दाराला लागून असलेली तिकिटं.

"शुभदा!"

आवाज जरा चढलाच असावा, कारण ती कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

माझी बायको विमा कंपनीतून निवृत्त झाली. लोकांचे क्लेम खरे की बनावट हे तपासण्यात तिची सगळी नोकरी गेली. त्यामुळे घरात काही हरवलं तर मी शोधत बसत नाही, तिला सांगतो. तिने तिकिटांना हात लावला नाही. मान वाकवून नुसती वाचली आणि म्हणाली, "पायसबाबांना काय सांगणार?"

खरा प्रश्न तोच होता.

सिल्व्हर पार्कात, आमच्याच इमारतीत, समोरच्या दारात ॲलिसन राहते. तिचा नवरा इयान जहाजावर असतो. मोठा मुलगा एल्रॉय नोकरी करतो, धाकटी मेगन कॉलेजात आहे. ॲलिसनचे सासू-सासरे, मार्सेलिनआजी आणि पायसबाबा, उत्तनकडच्या पाली गावात राहतात. बाबांची सगळी हयात मासेमारीत गेली. त्यांच्या लग्नाला आता पन्नास वर्षं होत होती. हॉल घ्यायचा का, जेवण ठेवायचं का, असं मुलांनी विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, "जेवनं लय झाली. मला येकदा मोट्या थेटरात नाटक बघायचा हाय."

बाबांची एकच अट होती. "बसनार तर पहिल्या रांगेत. मागं बसून लोकांची टकलं बघायला मी मुंबईला जानार न्हाय."

मी मूळचा गिरगावचा, नाटकवेडा. त्यामुळे नाटक निवडायचं आणि तिकिटं आणायची ही कामं माझ्याकडे आली. ॲलिसनच्या डायनिंग टेबलावर आम्ही वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान पसरलं. 'घोळात घोळ' विनोदी होतं, पण तिथल्या नाट्यगृहात जिने फार. एक संगीत नाटक होतं, त्याला तर नाव काढायच्या आधीच मेगनने जांभई दिली. उरलं 'नांगर'. रविवार, दुपारचे चार, आजी-बाबांना सोयीची वेळ. जाहिरातीत दोन मोठ्या नटांची नावं, खाली 'आणि इतर', आणि मागे एका होडीचं चित्र.

"'नांगर' नको," एल्रॉय म्हणाला होता. "रडकं आहे ते. विनोदी बघा ना. जिने काय, मी उचलून नेतो आजीला."

"तू तर येणारच नाहीस. रविवारी ड्युटी आहे ना तुझी?" मेगन म्हणाली.

शेवटी पालीला फोन लावला. बाबांनी एवढंच विचारलं, "बोट हाय ना त्यात? मंग तेच."

प्लॅन, म्हणजे तिकीटविक्री, उघडायच्या दिवशी मी सकाळीच दादर गाठलं. फोनवरून तिकिटं निघतात हे मला माहीत आहे, पण खिडकीतल्या माणसाने खुर्च्यांचा नकाशा समोर सरकवावा आणि आपण बोट ठेवून "ही" म्हणावं, यात मजा आहे. तर त्या सहा खुर्च्या अशा बोट ठेवून घेतलेल्या होत्या.

शुभदाने हात धुतले, चष्मा लावला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"अहो, सहा नेली आणि सहा ठेवली. पहिल्या रांगेची तिकिटं नुसती हवी असती तर उचलून गेला असता. याला आपलं नाटक बुडू द्यायचं नव्हतं. आपल्यावर माया करणारा चोर आहे हा. आणि तो या घरात चपला काढून आलेला आहे."

२

आमची दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडीच असतात. कपाटातलं पाकीट सगळ्यांना माहीत होतं, कारण मीच ते कौतुकाने सगळ्यांना दाखवलं होतं.

शुभदाने मला बजावलं, "कुणालाही रांगेबद्दल बोलायचं नाही. तिकिटांचा काहीतरी घोळ झालाय, एवढंच सांगायचं." आणि ती समोरच्या दारात गेली. मीही मागोमाग.

ॲलिसन बॅगा भरत होती. घोळ म्हणताच तिचा चेहरा उतरला. "आंटी, कॅन्सल तर नाही ना झालं? मम्मी गेला महिनाभर साडी काढून ठेवून बसलीय." सासू-सासऱ्यांना ती मम्मी-पप्पा म्हणते.

"कॅन्सल नाही. तुझी मान कशी आहे?"

ॲलिसनने मानेला हात लावला. तिचं मानेचं दुखणं जुनं आहे. "आहे तशीच. खरं सांगू? पहिल्या रांगेत तीन तास मान वर करून बसायचं म्हणजे माझा सोमवार गेलाच. पण पप्पांपुढे कोण बोलणार?"

मेगन कानात वायर घालून सोफ्यावर आडवी होती. "मला काय, कुठेही बसवा. दाराजवळ असेल तर बेस्ट. इंटरव्हलमध्ये वडे संपायच्या आत पळता येतं."

मी शुभदाकडे बघितलं. दाराजवळच्या खुर्च्या! पण तिने मेगनच्या केसांवरून हात फिरवला आणि ती बाहेर आली.

जिन्यात नीलेश भेटला. खालच्या मजल्यावरचा, बँकेत असतो, नाटकांचा माझ्याइतकाच शौकीन. त्याचं लग्न ठरलंय आणि होणाऱ्या बायकोला, क्षितिजाला, तो याच प्रयोगाला नेणार होता.

"काका, तुमचं बरं आहे. मी गेलो तेव्हा बाल्कनीतल्या शेवटच्या दोन उरल्या होत्या. माझ्यादेखत त्याने हाऊसफुल्लची पाटी लावली. क्षितिजा म्हणते, बाल्कनीतून काय पक्षी बघायचेत?"

"पुढची मिळाली असती तर?" शुभदाने विचारलं.

"काकू, काय वाट्टेल ते दिलं असतं." मग तो एकदम ओशाळला. "खरं सांगतो, परवा वायफाय बघायला तुमच्याकडे आलो होतो ना, तेव्हा ते पाकीट हातात घेतलं होतं मी."

३

"नीलेशच," घरात शिरताच मी म्हणालो.

"नीलेशला दोन खुर्च्या हव्यात. त्याने दोन बदलल्या असत्या, सहा कशाला? आणि त्याच्याकडे बाल्कनी आहे. आपल्या पाकिटात बाल्कनी नाही."

"मग मेगन. दाराजवळ बसायचंय तिला."

"तिने मला तोंडावर सांगितलं असतं. ॲलिसननेही सांगितलंच की. आणि अहो, मुख्य गोष्ट बघा. हाऊसफुल्ल प्रयोगाच्या एकाला एक लागून सहा खुर्च्या कुठून आणायच्या? खिडकीवर तर नीलेशला दोनसुद्धा धड मिळाल्या नाहीत."

नाटकवेडा मी, आणि हे मला सुचायला हवं होतं. हाऊसफुल्लच्या पाटीनंतरही थोड्या खुर्च्या मागे ठेवलेल्या असतात, पाहुण्यांसाठी, ऐनवेळच्या अडचणीसाठी. पण त्या नाटक कंपनीच्या हातात असतात. बाहेरच्याला कोण विचारतो?

"म्हणजे आपल्या चोराची नाटक कंपनीत ओळख आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात एल्रॉय आला, आंघोळ करून, खांद्यावर बॅग लावून. सव्वीस वर्षांचा, उंच, शांत पोरगा. गोरेगावला कुठल्याशा कंपनीत कस्टमर सपोर्टला आहे असं सगळे सांगायचे.

"आंटी, मम्मी म्हणाली तिकिटांचा काही घोळ झालाय?"

"झालाय थोडा. बस ना. पाणी देऊ?"

"नको, आत्ताच पाणी पिऊन निघालोय."

शुभदाने त्याच्याकडे जरा रोखून बघितलं. मला कळेना, पाणी नको म्हणण्यात काय आहे?

"हे ओठावर काय झालंय रे? आणि कानाजवळ?"

त्याच्या नाकाखाली लालसर पट्टा उठला होता, आणि दोन्ही कानांपुढेही तसाच. त्याने चटकन हात नेला. "नवीन ब्लेड होतं आंटी. लागतं कधी कधी."

"खोबरेल लाव."

"हो." तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "आंटी, टेन्शन घेऊ नका. मागे बसलं तरी ऐकू येतं तिथे. सगळं स्पष्ट ऐकू येतं. आजीला काही त्रास नाही होणार."

तो गेला. शुभदा त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली.

"चांगला मुलगा आहे. आजीची केवढी काळजी," मी म्हणालो.

"आहे ना." ती हसली. "पण अहो, आपण त्याला मागे बसणार आहोत असं कधी सांगितलं?"

४

दुपारी आजी-बाबांना आणायला आम्ही दोघं पालीला गेलो. खरं म्हणजे ॲलिसन जाणार होती, पण शुभदाने ते काम मागून घेतलं. चौक गावापर्यंत बस आणि पुढे रिक्षा. गल्लीत समोरून स्कूटर आली तर रिक्षाला थांबावं लागतं, एवढीच रुंदी.

वाटेत मी विचारत होतो आणि ती टाळत होती. "एल्रॉयने बदलली हे कळलं. पण का? त्याला तर यायचंही नाही. मग आपण पुढे बसलो काय आणि मागे बसलो काय, त्याचं काय जातं?"

पायसबाबा दारातच बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, शेजारी बॅग. निघायला अजून तासभर होता.

"पंढरीनाथ, तिकिटं नीट हायत ना?"

"आहेत बाबा," मी म्हणालो. खोटं नव्हतं, पण जीभ अडखळली.

शुभदा आत आजींच्या मदतीला गेली. पातळ पार्टिशन, त्यामुळे मला बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"एल्रॉय येतो का हल्ली?" तिने विचारलं.

"लय येतो. आधी नाताळला पन ओडून आनावा लागायचा. आता सुट्टी मिळाली का हितंच. ह्यांच्याजवळ बसतो, जुनं जुनं शब्द इचारतो. वाऱ्याला काय म्हनता, बोट अडकली तं काय वरडता. मी म्हनते, चांगला हाय, पोराला गावाची आटवन आली. आन मंग घरला जाऊन रेडिओवानी बोलतो. पानी न्हाय, पा-णी." आजी खुदखुदल्या.

"बाबांना आवडत असेल."

"जीव हाय त्यांचा त्याच्यावर." आजींचा आवाज खाली आला. "तसा मानूस कडक हाय गो. ह्यांचा धाकटा भाव, त्यानं येका लग्नात ह्यांची नक्कल केली. चालतात कसं, खोकतात कसं, चिडले का लुंगी कशी आवळतात. सगळा मांडव हसत व्हता. हे उटले आन तडक घरला आले. तवापासून भावाशी बोलत न्हायत. समोरासमोर घरं हायत, तरी."

भांड्यांचा आवाज थांबला.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच झाला होता. बाबा आत पाणी प्यायला गेल्याचं बघून मी तिच्याजवळ सरकलो.

"कळलं?"

"कळलं," ती म्हणाली. "आता त्याला पकडू की त्याची साथ देऊ, हे कळत नाहीये."

५

संध्याकाळी आजी-बाबा ॲलिसनकडे चहा घेत होते तेव्हा शुभदाने एल्रॉयला फोन करून गच्चीवर बोलावून घेतलं. मी टाकीच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. तो आला तो हसतच, पण तिने पाकीट पुढे धरलं आणि त्याचं हसू गेलं.

"मला काय वाटतं, ते तुला सांगते," ती म्हणाली. "चूक असेल तिथे थांबव. सकाळपासून आम्ही सगळे एकच विचार करत होतो, की शेवटच्या रांगेत बसायला कुणाला आवडेल. ज्यांना आवडलं असतं त्यांनी ते तोंडावर सांगितलं. मग मी उलट विचार केला. पहिल्या रांगेतून रंगमंच दिसतो. रंगमंचावरून काय दिसतं?"

एल्रॉय गच्चीच्या कठड्याकडे वळला.

"पुढच्या दोन-चार रांगा दिसतात. बाकी अंधार. म्हणजे तिकिटं बदलणारा प्रेक्षकांत नाही, रंगमंचावर आहे. सहा खुर्च्या कंपनीच्या कोट्यातून त्यालाच मिळू शकतात. ओठावर आणि कानांपुढे लाल झालंय, गालावर मात्र काही नाही. ब्लेडने असं होत नाही. खोट्या मिशा आणि कल्ले रोज गोंदाने चिकटवले की होतं. आणि तू 'पाणी' म्हणतोस, बाळा. तुमच्या घरात कुणी म्हणत नाही."

"आवाजाच्या तालमी," तो पुटपुटला. "दिग्दर्शक म्हणतो, आधी सगळं स्वच्छ बोलता आलं पाहिजे, मग पाहिजे तसं बोल."

"नोकरी?"

"सोडली. तालमी सुरू झाल्या तेव्हाच. पप्पा जहाजावर आहेत, मम्मीला सांगायची हिंमत झाली नाही. प्रयोगांचे पैसे घरी देतो, त्यामुळे कुणाला कळलं नाही."

मी न राहवून म्हणालो, "अरे पण नोकरीसाठी एवढं? कधीतरी कळणारच होतं."

"नोकरीसाठी नाही त्याने केलं," शुभदा म्हणाली. "भूमिका कुठली आहे तुझी?"

तो कठड्यावर बसला आणि म्हणाला, "नाटकात एक म्हातारा कोळी आहे. आधीचे नट आजारी पडले म्हणून मला घेतलं. पहिल्या तालमीत मी काहीतरीच करत होतो, सगळे हसले. मग मी डोळे मिटले आणि आजासारखा उभा राहिलो. फक्त उभा राहिलो आंटी. सगळी तालीम गप्प झाली. दिग्दर्शकाने विचारलं, हा म्हातारा कुठून आणलास? मी म्हटलं, घरून."

"आणि आता तो म्हातारा पहिल्या रांगेत बसायला येतोय."

"धाकट्या आजाचं काय झालं माहितीये ना तुम्हाला? माझ्याशीही बोलायचे बंद झाले तर? म्हणून म्हटलं, लांबून बघू देत. लांबून काय, म्हाताऱ्यासारखा म्हातारा. पण आजीला नाटक बघायचं होतं, ते नाही मोडवलं मला."

"त्यांची टर उडवतोस नाटकात?"

"नाही हो! लोक हसतात, पण शेवटी रडतात. प्रत्येक प्रयोगाला."

"मग त्या माणसाला ते शेवटच्या रांगेतून दाखवायचं?"

त्याने मान खाली घातली. पहिल्या रांगेची तिकिटं त्याच्या बॅगेतच होती. कंपनीच्या मॅनेजरला ती रविवारी देऊन टाकायची असं ठरलं होतं.

"मी कुणाला काही सांगणार नाही," शुभदा म्हणाली. "पाकीट कपाटात होतं तिथेच ठेवते. सकाळी निघताना मी ते न उघडता पर्समध्ये टाकीन. आत काय ठेवायचं ते तू ठरव."

६

शनिवारी आम्ही राणीच्या बागेत पेंग्विन बघितले, हॉटेलात जेवलो. बाबांनी तिथलं पापलेट एका घासात नापास केलं. आजींनी गेटवेसमोर फोटो काढून घेतले, सगळ्यांत नवऱ्याचा दंड धरून. मी मात्र शुभदाच्या पर्सकडे बघत होतो. तिने मला ती शिवूसुद्धा दिली नाही.

रविवारी नाट्यगृहाच्या दारात तिने पाकीट उघडलं. मी तिच्या खांद्यावरून डोकावलो.

पहिली रांग.

"बघ," बाबा आजींना म्हणाले, "पंढरीनाथ कामाचा मानूस हाय."

पडदा वर गेला. थोड्या वेळाने विंगेतून एक म्हातारा आला. पांढरे कल्ले, पांढऱ्या मिशा, एक खांदा उतरलेला. तो खोकला, लुंगी आवळली आणि समुद्राकडे बघून एक शिवी हासडली. सगळं थिएटर हसलं. आमच्या रांगेत मात्र कुणी हसलं नाही. मेगनने तोंडावर हात दाबला. ॲलिसन अर्धवट उठली आणि परत बसली. आजींनी माझं मनगट असं धरलं की बांगडीचा वळ उठला.

बाबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

दुसऱ्या प्रवेशात म्हाताऱ्याने होडीचा दोर खुंटाला बांधला. आणि शांत थिएटरात बाबांचा आवाज घुमला, "अरं, ती गाठ सुटंल!"

लोक चमकले, मग हसले. रंगमंचावरचा म्हातारा सावकाश वळला आणि पहिल्या रांगेकडे बघत म्हणाला, "सुटू दे. तुजी बोट हाय का माजी?"

टाळ्या थांबेनात. बाबा हाताची घडी घालून मागे टेकले.

शेवटच्या अंकात म्हातारा एकटाच होडीशी बोलतो. मुलगा शहरात निघून गेलेला असतो. म्हातारा त्याला शिव्या देत नाही, बोलावतही नाही. फक्त रोज संध्याकाळी किनाऱ्यावर कंदील लावून ठेवतो, आणि कुणी विचारलं तर म्हणतो, माशांसाठी लावलाय. आजी पदर तोंडाला लावून रडत होत्या. माझाही चष्मा काही कामाचा राहिला नव्हता. बाबांकडे बघायचं धाडस मात्र मला झालं नाही.

पडदा पडला. बाबा उठले, कुणाशी न बोलता रंगमंचाच्या बाजूच्या दाराकडे चालू लागले. आम्ही सगळे मागोमाग. शुभदाने माझा हात धरला. दारापर्यंत तो सोडलाच नाही. एवढ्या वर्षांत कुठल्या क्लेमच्या निकालाला मी तिला असं बघितलं नव्हतं.

आत एल्रॉय आरशासमोर उभा होता. मिशा निघाल्या होत्या, कल्ले तसेच होते. सगळ्यांत आधी ॲलिसन पुढे झाली.

"ऑफिस?"

"सोडलं, मम्मी."

"घरी चल, मग बघते तुला," असं म्हणत तिने त्याला घट्ट मिठी मारली आणि रंग तिच्या ड्रेसला लागला.

मग ती बाजूला झाली. बाबा समोर आले. त्यांनी नातवाकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"आज्या..." एल्रॉय म्हणाला.

"खांदा कंचा पाडतंस?" बाबांनी विचारलं.

"अं?"

"चालताना. खांदा कंचा पाडतंस?"

"डावा."

"माजा उजवा पडतो."

एल्रॉय गोंधळून गेला. "पण मी तुलाच बघून शिकलो. एवढे दिवस बघत होतो."

"समोर बसून बघत व्हतास. समोरून सगळं उलटं दिसतं." बाबांनी हात वर करून त्याच्या कानापुढचा सुटत आलेला पांढरा कल्ला अंगठ्याने दाबून बसवला. मग भिंतीला लागून असलेल्या बाकावर ते बसले, शेजारची रंगाची पेटी उचलून खाली ठेवली आणि त्या मोकळ्या जागेवर तळहात आपटला.

"ये. आता बाजूला बस."